अस्थिस्कॅन

कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे शोधणारी अणुवैद्यकीय चाचणी. रूढ नाव ‘बोन स्कॅन’. स्तन, पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) व फुप्फुस यांचे कर्करोग हाडांत वारंवार शिरतात. त्यांच्यासाठी ती अधिक होते. हाडातच उद्‌भवणाऱ्या ऑस्टिओसार्कोमात इतर हाडे तपासायलाही ती करतात. मात्र तो प्रामुख्याने फुप्फुसांत पसरत असल्याने छातीचा सीटी स्कॅन टळत नाही.

पद्धती : मिथिलिन डायफॉस्फोनेट (एमडीपी) या संयुगाला टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी समस्थानिक जोडून शिरेत टोचतात. नवे हाड जिथे वेगाने घडते तिथे ते साठते. २ ते ४ तासांनी गॅमा कॅमेरा सर्व सांगाड्याचे चित्र घेतो. कॅमेऱ्याला दिसतो तो कर्करोग नव्हे, हाडाने त्याला दिलेला प्रतिसाद. म्हणून जुने फ्रॅक्चर किंवा सांधेदुखीचा गुडघाही उजळतो, आणि हाड नुसते पोखरणारा मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) बरेचदा निसटतो.

पुरवठा : चाचणीचे खरे मर्म इथे आहे. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुकाल अवघा ६ तास. तो मुंबईहून विदर्भात पाठवणे व्यर्थ. पाठवतात ते त्याचे जनक मॉलिब्डेनम-९९ (अर्धायुकाल ६६ तास). ते भरलेल्या जनित्रातून रुग्णालय आठवडाभर रोज ताजे टेक्नेशियम काढते. त्याला ‘दूध काढणे’ म्हणतात. भारतात मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम मिथिल एथिल कीटोनने विभक्त करण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. ती किचकट, पण देशी अणुभट्टीतल्या मालावर चालणारी. वितरण नवी मुंबईतील ‘ब्रिट’ (विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ) करते. किरणोत्सर्ग-सुरक्षेवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

इतिहास : टेक्नेशियमची फॉस्फेट संयुगे सुब्रमणियन व मॅकाफी यांनी १९७१ मध्ये पुढे आणली, एमडीपी १९७५ चे. मुंबईत परळ येथील विकिरण वैद्यक केंद्र १९६३ मध्ये स्थापन झाले. भारतातील पहिले पेट (पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी) यंत्र २००२ मध्ये तिथेच आले. पेटसाठी लागणाऱ्या फ्लुओरिन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटे, त्यामुळे तो बनवणारा सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. पेटमुळे अस्थिस्कॅन कालबाह्य ठरला का, याविषयी मतभेद आहेत. खर्चाच्या दृष्टीने तो टिकून आहे.

उपचार : हाडांत पसरलेल्या रोगाच्या वेदनेवर स्ट्रॉन्शियम-८९, समेरियम-१५३ ही किरणोत्सारी औषधे देतात.

भंडारा जिल्हा : येथील रुग्ण या चाचणीसाठी प्रायः नागपूरला जातात; भंडारा शहरापासून अंतर सु. ६० किमी.