पुलकेशीची कांचीवरील स्वारी

चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येस, तांबरमच्या पलीकडे, मणिमंगलम् नावाचे गाव आहे. तळे, भातखाचरे आणि जुनी मंदिरे यांखेरीज प्रवाशाच्या नजरेत भरावे असे तेथे फारसे काही नाही. परंतु सातव्या शतकात याच परिसरात एका बलाढ्य सम्राटाच्या भाग्याला ओहोटी लागली. तो सम्राट म्हणजे वातापीचा, अर्थात आजच्या बदामीचा, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी.

महाराष्ट्राला हे नाव परके नाही. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४ मधील ऐहोळे येथील लेखात रविकीर्तीने पुलकेशीला ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटले आहे. उत्तरेत हर्षवर्धनाची घोडदौड त्यानेच रोखली. पूर्वेस वेंगीचा प्रदेश जिंकून तेथे त्याने आपला धाकटा भाऊ विष्णुवर्धन याची स्थापना केली. आंध्र किनाऱ्यावर कांचीच्या पल्लवांचीही दृष्टी होती. त्यामुळे या दोन सत्तांचा संघर्ष अटळ झाला.

पुलकेशी दक्षिणेकडे निघाला. वातापीपासून कांची सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर आहे. वाटेत मोठमोठ्या नद्या आडव्या येतात. इतक्या दूरवर हत्ती, घोडे, पायदळ आणि त्यांचा दाणागोटा नेणे हे सामान्य सेनापतीचे काम नव्हते. चालुक्य सैन्याने उडविलेल्या धुळीत पल्लवांचे तेज झाकोळले आणि त्यांच्या राजाला कांचीच्या तटाआड दडावे लागले, असे ऐहोळेचा लेख सांगतो. पुलकेशीने कावेरी ओलांडून चोल, केरळ व पांड्य यांना आपलेसे केल्याचेही त्यात नमूद आहे.

पल्लवांची बाजू मात्र निराळी आहे. त्यांच्या कशाकुडी ताम्रपटात महेंद्रवर्म्याने पुल्ललूर येथे आपल्या प्रमुख शत्रूंचा पराभव केल्याचे सांगितले आहे. पुल्ललूर कांचीपासून काही मैलांवरच आहे. दोन्ही लेख आपापल्या राजाचा गौरव करणारे असले, तरी एक गोष्ट दोहोंतूनही निष्पन्न होते : शत्रू कांचीच्या वेशीपर्यंत आला, पण कांची पडली नाही. पुलकेशीने प्रदेश घेतला, दरारा बसविला; मात्र प्रतिस्पर्ध्याचे मर्मस्थान अभंग राहिले.

याच दशकांत पश्चिम आशियातही असेच एक नाट्य घडत होते. इराणच्या दुसऱ्या खुसरोने पूर्व रोमन साम्राज्यावर स्वारी करून ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले. पुढे त्याच्या फौजांनी इजिप्त व्यापला. ६२६ मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपललाही वेढा पडला, पण ती पडली नाही. रोमन सम्राट हेराक्लियस उलट इराणात शिरला. ६२७ मध्ये निनेव्हेजवळ त्याने विजय मिळविला आणि पुढच्याच वर्षी खुसरो पदच्युत होऊन मारला गेला. या खुसरोशी पत्रव्यवहार करणाऱ्या एका भारतीय राजाची नोंद तबरी या इतिहासकाराने केली आहे. तो राजा पुलकेशीच असे अनेक विद्वान मानतात. खुसरोच्या अंतापासून पुलकेशीने काही बोध घेतला असेल का? पुढील घटनांवरून तरी तसे दिसत नाही.

सुमारे ६४० च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने ही दोन्ही राज्ये पाहिली. कांचीत त्याला शंभरावर विहार आणि दहा हजार भिक्षू आढळले. महाराष्ट्रात त्याने मानी, उपकार स्मरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी माणसे पाहिली. युद्धात हरलेल्या सेनापतीला तेथे शिक्षा न देता स्त्रीवेष देत, असे तो लिहितो. या शांत वर्णनात पुढच्या वादळाची चाहूलही नाही.

महेंद्रवर्म्याचा पुत्र नरसिंहवर्मा याने परियळ, मणिमंगलम् आणि शूरमार येथे पुलकेशीला हरविले. पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर, ताम्रपटावर कोरावे तसा, ‘विजय’ हा शब्द लिहिला गेला, अशी कूरम ताम्रपटाची बोचरी कल्पना आहे. नरसिंहवर्मा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने थेट वातापी गाठली. ६४२ च्या सुमारास ती राजधानी पडली आणि पुलकेशीच्या कारकिर्दीचा अंत झाला. बदामीच्या खडकावर विजेत्याचा लेख आजही आहे. चेन्नईच्या दक्षिणेचे मामल्लपुरम् याच ‘मामल्ल’ नरसिंहवर्म्याचे नाव मिरविते.

पुलकेशीचा पुत्र पहिला विक्रमादित्य याने चालुक्यांचे राज्य पुन्हा उभारले आणि कांचीवर सूड उगविला. वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. शेवटी दुसरा विक्रमादित्य (राज्यकाल ७३३ ते ७४४) विजेता म्हणून कांचीत शिरला. त्याच्या हाती पूर्वजांच्या अपमानाचा हिशेब होता. वातापीची राख त्याला विसरता येण्यासारखी नव्हती. पण त्याने नगर उद्ध्वस्त केले नाही. कैलासनाथ मंदिराची संपत्ती त्याने मंदिरालाच परत दिली आणि तसा कन्नड लेख तेथील खांबावर कोरविला. त्याच्या विजयाच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने पट्टदकल येथे मंदिर बांधविले. ते आज विरूपाक्ष मंदिर म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याच्या शैलीवर कांचीच्या शिल्पाची छाया स्पष्ट दिसते.

७५३ च्या सुमारास राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता संपविली. पुढे पल्लवही चोलांपुढे मावळले. ज्या सीमांसाठी शंभर वर्षे रक्त सांडले, त्या पुसल्या गेल्या. कैलासनाथाच्या खांबावरील शत्रूचा तो लेख मात्र कांचीने जपला. तो कन्नडमध्ये आहे, तमिळ भूमीत आहे, आणि जिंकणाऱ्याने हात आवरल्याची साक्ष देत तो आजही उभा आहे.