जितका कचरा, तितका कर

शहर वैभवास चढूं लागलें कीं त्याचा उकिरडाही वाढूं लागतो. इतिहासांत राजवाड्यांचीं वर्णनें आवडीनें केलीं जातात. उकिरड्याकडे मात्र सहसा कोणी पाहात नाहीं. तथापि दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल, हिच्या केरकचऱ्याचा वृत्तांत प्रत्येक शहरवासी गृहस्थानें ऐकण्याजोगा आहे.

सेऊलच्या पश्चिमेस हान नदीच्या कांठीं नानजिदो नांवाचें सपाट बेट होतें. तेथें शेती होत असे व लोक सहलीस जात असत. १९७८ सालीं तेथें शहराचा कचरा टाकण्यास आरंभ झाला. १९९३ पर्यंत, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत, सुमारें ९ कोटी २० लाख टन कचरा तेथें साचला आणि ९० मीटरांहून उंच अशा दोन टेकड्या उभ्या राहिल्या. त्या ढिगांतील चिंध्या, कागद व लोखंड वेंचून पोट भरणारीं कुटुंबें तेथेंच झोपड्या बांधून राहात.

कचरा एवढा वाढण्याचें एक कारण कर घेण्याच्या रीतींत होतें. कचऱ्याची पट्टी त्या काळीं मालमत्तेच्या करावरून किंवा घराच्या क्षेत्रफळावरून ठरे. समजा, एका घरांत वृद्ध जोडपें राहतें. दिवसास त्यांचा केर ओंजळभर. शेजारच्या तेवढ्याच घरांत रोज मेजवानी. तेथील केर टोपल्या भरभरून. पट्टी मात्र दोघांस सारखीच! काटकसर करणारास लाभ नाहीं, उधळणारास तोशीस नाहीं.

१९९४ सालीं कांहीं ठिकाणीं नवी रीत अजमावण्यांत आली आणि १ जानेवारी १९९५ पासून ती देशभर लागू झाली. स्थानिक संस्थेनें ठराविक मापाच्या पिशव्या छापून दुकानांत विकावयाच्या. पिशवीची किंमत हाच कर. केर त्याच पिशवींत भरला पाहिजे. अन्य पिशवींतील केर उचलावयाचा नाहीं. कागद, कांच, धातु हीं वेगळीं काढून ठेविल्यास तीं मात्र विनामूल्य नेलीं जात. कोळशाच्या विटांच्या राखेसही सूट होती. परिणाम लौकरच दिसला. १९९४ सालीं दरमाणशीं रोज सुमारें १.३ किलो कचरा निघे. पुढील वर्षींच तो १.१ किलोच्या आंत आला. पुनरुपयोगास जाणाऱ्या जिनसांचें प्रमाणही वाढलें.

परंतु मनुष्य पळवाटा शोधण्यांत चतुर असतो. कोणी घरचा केर गुपचूप रस्त्यावरील पेट्यांत टाकूं लागले. म्हणून सेऊलमधील त्या पेट्याच कमी करण्यांत आल्या आणि वाटसरूस हातांतला कागद घरीं नेणें भाग पडलें. गरिबास पिशवीचा पैसाही जड जातो. यास्तव निर्वाहासाठीं सरकारी साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांस अनेक ठिकाणीं पिशव्या फुकट मिळतात. शिवाय पिशव्यांच्या विक्रींतून कचऱ्याचा सगळा खर्च निघत नाहीं. तूट इतर करांतून भरावी लागते. किंमत चढविली तर चोरून टाकणें वाढण्याचें भय, उतरविली तर कोणास तिची पर्वा राहावयाची नाहीं.

उरला प्रश्न उष्ट्या अन्नाचा. कोरियन पंक्तींत लहानलहान वाट्यांतून नानाविध तोंडीलावणीं मांडतात. त्यामुळें उरतेंही फार. २००५ पासून शहरांतील असें अन्न जसेंच्या तसें जमिनींत पुरण्यास मनाई झाली, आणि २०१३ पासून त्यावरही प्रमाणानुसार आकारणी सुरू झाली. अनेक इमारतींत पेटीच ओला कचरा तोलते आणि त्याचा आकडा त्या घराच्या नांवें मांडते.

नानजिदोच्या टेकड्यांवर माती घालून २००२ सालीं उद्यान खुलें करण्यांत आलें. गवताखालीं कचरा आहे तसाच आहे. त्यांतून निघणाऱ्या वायूचा उपयोग भोंवतालच्या वस्तीस ऊब देण्यासाठीं केला जातो. उंबऱ्याबाहेर टाकलेली वस्तु नाहींशी होत नाहीं, ती केवळ दुसऱ्याच्या दाराशीं जाते. ‘करावें तसें भरावें’ हा न्याय केराच्या टोपलीसही लागूं शकतो, हें सेऊलच्या गृहिणींनीं पिशवीगणिक पैसे मोजून अनुभविलें.