वळिवड्याची छावणी : निर्वासितांच्या एका गावाची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धाशी अहमदनगरचा संबंध विचारला तर सगळे किल्ल्याकडे बोट दाखवतात. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद तिथे बंदिवान होते. त्याआधी पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन नजरकैदी ठेवले होते. म्हणजे युद्धाने नगरला परकी माणसं दाखवली ती तारेच्या कुंपणाआड. दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी परकी माणसं आली ती आसरा मागत. वळिवड्याच्या या छावणीची हकीकत नगर-पुण्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

ही माणसं पोलंडची. १९३९ मध्ये पोलंडचे लचके जर्मनी आणि रशियाने तोडले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्वेकडच्या पोलिश कुटुंबांना रात्रीतून उठवून मालगाड्यांत कोंबलं आणि सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. जुलै १९४१ मध्ये पोलंडचं लंडनमधलं परागंदा सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला, तेव्हा सुटकेची वाट निघाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष बहुतेक पलटणीत गेले. उरलेल्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता.

तो एकट्या पोलंडचा नव्हता. चिऑस, सामोस या बेटांवरचे ग्रीक लोक उपासमार आणि शत्रूचा अंमल यांतून होड्यांनी तुर्कस्तानचा किनारा गाठत होते. त्यांना अलेप्पो आणि गाझाजवळच्या नुसेरातच्या छावण्यांत ठेवलं जाई. जेमतेम वीस वर्षांपूर्वी, १९२२-२३ मध्ये, तुर्कस्तानातून हाकललेले लाखो ग्रीक हाच समुद्र उलट्या दिशेने ओलांडून गेले होते. ग्रीक असोत की पोलिश, जगभरच्या दारांवर एकाच वेळी थाप पडत होती.

हिंदुस्थानात पहिलं दार उघडलं नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी. १९४२ मध्ये बालाचडीला पोलिश अनाथ मुलांची छावणी उभी राहिली. ही मुलं आधी मुंबईत वांद्र्याला उतरली होती. मुंबईतले पोलिश कॉन्सल बानासिन्स्की आणि रेड क्रॉसच्या कामात बुडालेल्या त्यांच्या पत्नी किरा यांनी या सगळ्यात जिवापाड मेहनत घेतली. किराबाई पुढे हिंदुस्थानातच राहिल्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठी संख्या सामावून घ्यायला मोठी जागा हवी होती. ती मिरज-कोल्हापूर रेल्वेवर वळिवड्याला मिळाली. १९४३ मध्ये कराचीकडून माणसं येऊ लागली आणि बघता बघता पाच हजारांची वस्ती झाली. हिंदुस्थानातली ही सर्वांत मोठी पोलिश छावणी. खर्चाची जबाबदारी पोलंडच्या परागंदा सरकारची, व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची आणि जमीन कोल्हापूर संस्थानातली. त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मेली, हे इथे विसरून चालत नाही. सरकारची माया सगळ्यांना सारखी नव्हती. पण वळिवड्याला उतरलेल्या पोरांचा त्यात काय दोष?

या छावणीची खरी थोरवी मला दिसते ती तिच्या रोजच्या कारभारात. बराकीत प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली होती. लंगरापुढे रांग लावायला न लावता भत्ता हातात दिला जाई. बाई बाजारात जाऊन भाजी घेई, आपल्या चुलीवर आपल्या चवीचं शिजवी. दोन वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर पावाचा तुकडा खाल्लेल्या बाईला घासाघीस करून भाजी घेता येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. शाळा पोलिश भाषेतून चालत. प्रार्थनामंदिर, दवाखाना, नाट्यगृह होतं. स्काउटच्या मुलामुलींची पथकं होती. क्षयाने पोखरलेल्यांना पाचगणीच्या हवेत पाठवत. १९४६ मध्ये बालाचडी मिटली, तेव्हा तिथली मुलंही इथेच आली.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढली. युद्ध संपलं, पण यांचं गाव मात्र आता सोव्हिएत हद्दीत गेलेलं. परतायचं कुठे? पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थांनी भार उचलला. १९४७ पासून माणसं पांगू लागली. कुणी ब्रिटनमध्ये सैन्यातल्या बापाकडे, कुणी आफ्रिकेत, कुणी ऑस्ट्रेलियात, तर थोडे पोलंडला गेले. काही जण कोल्हापूरच्या मातीतच राहिले. त्यांच्या कबरी तिथे आहेत.

१९४८ च्या सुरुवातीला छावणी रिकामी झाली. पण त्या बराकी फार दिवस ओस राहिल्या नाहीत. फाळणीत सगळं मागे टाकून आलेली सिंधी कुटुंबं तिथे राहायला आली. आज ते गांधीनगर. कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून अख्ख्या दक्षिण महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. एका उखडलेल्या समाजाची घरं दुसऱ्या उखडलेल्या समाजाला मिळाली आणि दुसऱ्याने तिथे मुळं धरली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिशांचा स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये इथे वाढलेली, आता वृद्ध झालेली माणसं वळिवड्याला परत येऊन गेली. वॉर्सामध्येही कोल्हापूरचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र वळिवड्याला अजून एक धडा मिळायचा आहे. तो इतिहासाच्या पुस्तकात यावा आणि शाळांच्या सहली जशा नगरच्या किल्ल्यावर जातात, तशा पंचगंगेच्या काठच्या या गावालाही जाव्यात.