क्लाउड एसक्यूएल ऑथ प्रॉक्सी

गूगल क्लाउडवरील मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसांशी सुरक्षित जोडणी करून देणारा छोटा प्रोग्राम. गो भाषेत लिहिलेला, मुक्तस्रोत, अपाचे 2.0 परवान्याखाली उपलब्ध. तो वापरणाऱ्याच्याच संगणकावर चालतो. ॲप्लिकेशन त्याच्याशी 127.0.0.1 या स्थानिक पत्त्यावर बोलते आणि तो टीएलएस 1.3 च्या कूटबद्ध मार्गाने दूरच्या सर्व्हरच्या 3307 पोर्टवर पोचतो.

त्याची गरज पेडणे किंवा डिचोलीत बसून काम करणाऱ्याला लवकर पटते. गोव्याला सर्वांत जवळचे गूगल केंद्र मुंबईचे, 2017 मध्ये सुरू झालेले. तिथल्या डेटाबेसचे दार ठरावीक आयपी पत्त्यांनाच उघडायचे, अशी जुनी रीत आहे. पण पावसाळ्यात वीज गेली, ब्रॉडबँड बंद पडले आणि मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, की पत्ता बदलतो. नवा पत्ता यादीत घालावा, तर मोबाईल कंपनीचा तोच पत्ता एका वेळी कित्येक ग्राहक वापरत असतात; म्हणजे त्यांनाही दारापर्यंत वाट मिळते. प्रॉक्सी पत्ता पाहतच नाही, माणसाचे किंवा सेवेचे खाते पाहते. त्या खात्याला ‘क्लाउड एसक्यूएल क्लायंट’ ही भूमिका दिलेली असली की पुरे.

खात्री पटली की तासाभराचे प्रमाणपत्र मिळते आणि मुदत संपण्याआधी ते आपोआप नवे होते. खासगी किल्ली त्याच संगणकावर तयार होते, बाहेर जात नाही.

दुसरी आवृत्ती जानेवारी 2023 मध्ये आली. पहिलीत ‘इन्स्टन्सेस’ नावाच्या पर्यायात डेटाबेसचे नाव आणि पोर्ट दोन्ही लिहावे लागत. दुसरीत नुसते नाव दिले की डेटाबेसचा प्रकार ओळखून नेहमीचे पोर्ट ती स्वतः निवडते. प्रोग्रामच्या नावातील अधोरेषा जाऊन तिथे संयोगचिन्ह आले. जुन्या स्क्रिप्ट जशाच्या तशा चालवू पाहणारे आधी तिथेच अडतात. प्रोमिथियस या देखरेख साधनासाठीची मोजमापे थेट मिळू लागली. 2024 मध्ये आलेला ‘लेझी रिफ्रेश’ हा पर्याय प्रमाणपत्र गरज पडेल तेव्हाच नवे करतो. क्लाउड रनसारख्या सेवेत काम नसताना प्रोसेसर जवळजवळ थांबवला जातो, तिथे त्याचा मोठा उपयोग होतो.

सर्वांत मोलाची सोय मात्र खात्याने थेट लॉगिन करण्याची. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रत्येकाला डेटाबेसचे लॉगिन स्वतःच्या खात्यानेच देता येते, सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड वापरण्याची वेळ येत नाही. हिचे मोल गोमंतकीयाला जमिनीच्या उदाहरणावरून कळेल. बनावट दस्तऐवजांवर जमिनी लाटल्याच्या तक्रारींसाठी गोवा सरकारला जून 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. मांद्रे किंवा मये गावच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आज कोणाचे नाव आहे, हे ऑनलाइन दिसते. अशा कोणत्याही नोंदवहीत ते नाव कोणी आणि केव्हा बदलले, हे सांगता यायचे तर प्रत्येक हात वेगळा ओळखता आला पाहिजे. सामायिक पासवर्डने ते होत नाही. लेखापरीक्षण नोंदी मात्र वेगळ्या चालू कराव्या लागतात. प्रॉक्सी बसवली म्हणून त्या लिहिल्या जात नाहीत.

मर्यादाही आहेत. डेटाबेसला केवळ खासगी आयपी असेल, तर प्रॉक्सी तिथवर रस्ता बांधून देत नाही. त्या नेटवर्कपर्यंतची वाट आधी असावी लागते. कुबरनेटीसमध्ये प्रॉक्सी ॲप्लिकेशनशेजारी साइडकार म्हणून चालवतात. तिथे एखादे एकवेळचे काम संपले तरी प्रॉक्सी चालूच राहू शकते आणि मग काम अपुरे दिसते. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ‘क्विटक्विटक्विट’ नावाचा पत्ता दिला आहे. काम संपताच तिथे विनंती पाठवली की प्रॉक्सी बंद होते.

जोडण्यांचा साठा करून त्या वाटून देणे, म्हणजे पूलिंग, ती करत नाही. ॲमेझॉनची 2020 मध्ये सर्वांसाठी खुली झालेली आरडीएस प्रॉक्सी मुख्यतः त्यासाठीच आहे. गूगलच्या प्रॉक्सीसोबत पूलिंग हवे असल्यास ते ॲप्लिकेशनमध्ये किंवा पीजीबाउन्सरसारख्या वेगळ्या साधनाने करता येते.