शेंदूर, गंज आणि ओला कागद : जुन्या गाडीच्या रंगकामाचा इतिहास

जुन्या जीपचा किंवा ट्रकचा पत्रा रंगवण्यापूर्वी गॅरेजमधला कारागीर काय करतो, हे कधी निरखून पाहिले आहे का? आधी तो वायर ब्रशने गंज खरवडतो. मग तांबूस प्रायमरचा एक हात देतो, खड्ड्यांत लांबी भरतो आणि त्यानंतर काळ्या कागदावर पुन्हा पुन्हा पाणी घेत तासन्‌तास पत्रा घासत बसतो. यातील प्रत्येक कृतीला स्वतंत्र इतिहास आहे, आणि शेवटच्या कृतीतील पाण्यामागे तर कित्येक कामगारांच्या आजारांचा व मृत्यूंचा हिशेब आहे. आजचा धागा मुख्यत्वे त्या पाण्याविषयी आहे. पण तिथवर पोचण्यासाठी सुरुवात गंजापासून करावी लागेल.

लोखंडाला हवा आणि ओलावा मिळाला की गंज चढतो, एवढे आपण शाळेत शिकतो. रंगाऱ्याची खरी अडचण त्यापुढची असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि तो सच्छिद्र असतो. त्यावर रंग दिला तर आत दडलेला ओलावा आणि क्षार आपले काम चालूच ठेवतात, गंज फुगतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. म्हणून रंगकामाचे आयुष्य डब्यातील रंगापेक्षा खरवडण्यावर अधिक अवलंबून असते. जुने कारागीर हे जाणून होते. यंत्रयुगाने मात्र खरवडण्याचा वेग वाढवला आणि त्याबरोबर धूळही वाढवली. १८७० मध्ये बेंजामिन च्यू टिल्घमन या अमेरिकी संशोधकाने वाळूच्या वेगवान झोताने पृष्ठभाग कोरण्याचे व साफ करण्याचे पेटंट घेतले. झोत प्रभावी होता. परंतु फुटलेल्या वाळूची सूक्ष्म धूळ फुफ्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो. ब्रिटनमध्ये अशा कामासाठी वाळू वापरण्यावर बंदी यायला १९४९ साल उजाडले.

आता तो तांबूस थर. आज तो बहुधा रेड ऑक्साईडचा असतो, म्हणजे आपल्या ओळखीच्या गेरूचा सख्खा भाऊ. गंमत अशी की गेरू हेही लोखंडाचेच ऑक्साईड. जे आधीच पूर्ण गंजले आहे ते आणखी काय गंजणार, असा काहीसा हा न्याय आहे. पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात लोखंडावरचा मानाचा पहिला हात होता रेड लेडचा. आणि रेड लेड म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला पारंपरिक शेंदूर. शिशाचे हे नारिंगी ऑक्साईड जवसाच्या तेलात कालवले की तेलातील आम्लांशी त्याचा संयोग होऊन शिशाचे साबण तयार होतात. ते लोखंडाला घट्ट धरतात आणि गंजाची प्रक्रिया रोखतात. पूल, जहाजे, रेल्वेचे डबे, इंजिनांच्या चौकटी, सर्वत्र हा लेप चढला. आपल्याकडे मारुतीला तेलात कालवलेला शेंदूर लावतात आणि थरावर थर चढत कवच तयार होते. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीवरील असे कवच उतरवल्यावर आतील मूळ मूर्ती दिसली, हे अनेकांना आठवत असेल. तिथे भावना श्रद्धेची होती आणि इथे हेतू संरक्षणाचा. द्रव्य मात्र एकच, आणि ते विषारी.

घोडागाड्या बांधणाऱ्या कारखान्यांत शिशाचा वापर केवळ अस्तरापुरता नव्हता. लाकूड आणि पत्रा सपाट करण्यासाठी सफेदा, म्हणजे पांढरे शिसे, मिसळलेले थर एकावर एक चढत. प्रत्येक थर वाळवायचा, घासायचा, पुन्हा पुढचा चढवायचा. अखेरीस व्हार्निश. एका गाडीचे रंगकाम कित्येक आठवडे चाले. पहिल्या मोटारगाड्यांनी हीच पद्धत जशीच्या तशी उचलली, कारण त्यांचे सांगाडे बांधणारे आणि रंगवणारे हात घोडागाड्यांचेच होते. घासण्याचे काम पाणी लावून प्युमिस दगडाने होई, तसेच कोरड्या घासकागदानेही. कागद कोरडा का? तर त्यावरील खडे सरसाने चिकटवलेले असत आणि सरस पाण्यात विरघळतो. ओला केला की कागद निकामी. तेव्हा कोरडे घासा, आणि हवेत उडणारे शिसे श्वासात घ्या.

परिणाम लपून राहिले नाहीत. पोटात असह्य कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगटाची शक्ती जाऊन हात लोंबकळणे, अखेर मेंदूवर आघात. रंगाऱ्यांना ही लक्षणे तोंडपाठ होती. ब्रिटनने १८९५ च्या कायद्याने कारखान्यांतील शिशाच्या विषबाधेची नोंद बंधनकारक केली आणि त्या नोंदींत गाड्या रंगवणाऱ्यांचा वेगळा गट होता. १८९८ मध्ये थॉमस लेगी हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले. त्यांच्या विचाराचे सार असे होते की धोका टाळण्याची जबाबदारी कामगाराच्या सावधगिरीवर टाकून भागत नाही. धूळ निर्माणच होऊ नये अशी व्यवस्था मालकाने करावी. आज हे सरळसोट वाटते. त्या काळी ‘कामगार हात धूत नाहीत म्हणून आजारी पडतात’ हे उत्तर अधिक सोयीचे होते.

१९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याविषयी करार संमत केला. इमारतींच्या आतील रंगकामातून शिसे हटवणे हा त्याचा गाभा होता; आणि जिथे ते वापरले जाईल तिथे कोरड्या घासण्या-खरवडण्याने उडणाऱ्या धुळीचा धोका टाळण्याची तरतूदही त्यात होती. ब्रिटिश सरकारने या करारास मान्यता देण्याचे नाकारले. तेव्हा १९२६ मध्ये लेगी यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. कामगार-आरोग्याच्या इतिहासात वीरकथा थोड्या आहेत. ही त्यांपैकी एक, आणि तिच्या मुळाशी घासकागदाची धूळ आहे.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे दुसरी गोष्ट घडत होती. फिलाडेल्फियाचे शाई-उत्पादक फ्रान्सिस ओकी यांनी १९२० मध्ये मिनेसोटातील थ्री-एम कंपनीला पत्र पाठवून तिच्याकडील निरनिराळ्या खड्यांचे नमुने मागितले. शाईवाल्याला घासकागदाचे खडे कशाला हवेत, असे कुतूहल वाटून कंपनीचे विल्यम मॅकनाइट यांनी चौकशी केली. ओकींनी पाण्यात न विरघळणारा चिकटा वापरून ओला चालणारा घासकागद बनवला होता. कंपनीने हक्क विकत घेतले आणि १९२१ मध्ये ‘वेटऑरड्राय’ बाजारात आला. मोटारींच्या रंगकामात त्याचे स्वागत झाले ते दोन कारणांनी: पृष्ठभाग अधिक गुळगुळीत होई आणि धूळ उडत नसे. आपल्या गॅरेजमधील तो काळा ‘पॉलिश पेपर’ याच कुळातला.

कागद बदलला, तसा रंगही. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा काळा रंग प्रसिद्ध आहे, पण ती गाडी काळ्याच रंगात मिळे ते १९१४ ते १९२५ या काळात, त्याआधी आणि नंतर इतर रंग होते. भट्टीत भाजलेले काळे व्हार्निश स्वस्त आणि टिकाऊ होते. रंगीत गाडीला मात्र दीर्घकाळ वाळवण्याखेरीज गत्यंतर नव्हते. मग ड्यूपाँ कंपनीने पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी वापरलेल्या नायट्रोसेल्युलोजपासून पातळ, फवारता येणारे लॅकर घडवले. त्याचे नाव ड्यूको. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर निळा ड्यूको चढला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. हे नाव भारतात इतके रुळले की आजही कारागीर कोणत्याही फवारलेल्या चकचकीत रंगाला ‘ड्युको’च म्हणतो.

दुरंगी गाड्यांची फॅशन आली तशी दोन रंगांमधली रेघ सरळ ठेवण्याची नवी डोकेदुखी उभी राहिली. थ्री-एमचे तरुण कर्मचारी रिचर्ड ड्रू हे त्याच ओल्या कागदाचे नमुने घेऊन एका गॅरेजात गेले असता, चिकटवलेला कागद काढताना रंगही निघाल्याने संतापलेला रंगारी त्यांनी ऐकला. त्यातून १९२५ मध्ये मास्किंग टेप जन्मली.

गंज पूर्ण खरवडता येत नाही तेव्हा त्याला रसायनाने बदलायची युक्तीही याच काळातली. १९०६ मध्ये बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेट यांनी फॉस्फोरिक आम्लाने लोखंडावर फॉस्फेटचा थर बसवण्याचे पेटंट घेतले. त्यावर रंग पक्का धरतो. बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गंज-परिवर्तकांत टॅनिन असते आणि ते लावल्यावर गंज काळा पडतो. हिरड्याचा काढा लोखंडी कढईत काळाभोर होतो, तीच ही अभिक्रिया.

जुनी वाहने जतन करणारे तज्ज्ञ आता घासण्याचे काम उलट्या हेतूने करतात. एका छोट्या जागी ओल्या कागदाने थर उतरत्या कडांनी घासले की झाडाच्या वलयांसारखी रंगांची वर्तुळे उमटतात: वरचा अलीकडचा, मधले मधल्या मालकांचे, आणि तळाशी कारखान्यातला मूळ रंग. म्हणून ऐतिहासिक मूल्य असलेली गाडी सरसकट पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडणे मला पुराव्याची नासाडी वाटते. एकदा पुसलेला रंग कोणत्याही कागदपत्राने परत येत नाही.

भारताने २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घातली. औद्योगिक रंग तिच्या कक्षेबाहेर राहिले, आणि आधीच्या दशकांत गाड्यांवर चढलेले थर तर जिथल्या तिथेच आहेत. जुन्या जीपवर ग्राइंडर कोरडा फिरतो तेव्हा जी नारिंगी-करडी धूळ उठते, तिच्यात लेगी ज्या शिशाशी झगडले तेच शिसे असू शकते.