क्रमांकांची एकवाक्यता आणि ऐतिहासिक प्रामाण्य : कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हराचा विचार

वस्तुरूप साधनांच्या परीक्षणात अखंडत्व म्हणजेच अस्सलपणा, असे मानण्याकडे संग्राहकांचा व पुष्कळदा अभ्यासकांचाही कल असतो. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे, ते कोल्ट कंपनीच्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ ह्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरावरून स्पष्ट होते.

ह्या प्रकारच्या हत्यारात चाप ओढल्याने केवळ घोडा सुटतो. प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. अमेरिकन सैन्याने हे हत्यार १८७३ साली स्वीकारले. घोडदळाच्या नगाची नळी ७.५ इंच लांबीची असून त्यात .४५ मापाचे काडतूस चाले. १८९१ पर्यंत सरकारने सुमारे ३७,००० नग घेतले. लष्करी व नागरी नगांची क्रमांकमालिका एकच होती. १९४० च्या सुमारास उत्पादन थांबले तेव्हा ती ३,५७,००० च्या पुढे गेली होती.

कालनिश्चितीची काही लक्षणे हत्यारावरच आढळतात. आरंभीच्या सांगाड्यावर १८७१ व १८७२ च्या पेटंटांच्या तारखा आहेत; १८७५ ची तारीख पुढे जोडली गेली. काडतुसांच्या फिरत्या चक्राचा आस प्रथम समोरून बसविलेल्या स्क्रूने धरलेला असे. १८९० नंतरच्या दशकात त्याच्या जागी स्प्रिंगची आडवी खिट्टी आली. लष्करी नगाच्या सांगाड्यावर ‘यू. एस्.’ ही अक्षरे व मुठीवर तपासनिसाची आद्याक्षरे असत. ऑर्विल एन्सवर्थ ह्याची मुद्रा असलेले नग अगदी आरंभीचे होत. क्रमांक सांगाडा, चापाभोवतीची कडी व मुठीची पाठपट्टी ह्यांवर पृथक् ठोकलेला असे. लष्करी नगांत तो नळीवर व चक्रावरही असे.

हे सर्व क्रमांक जुळले की नगाची किंमत वाढते. म्हणूनच जुळणी बनावटही केली जाते. जुना अंक घासून नवा ठोकणे, नागरी नगावर ‘यू. एस्.’ उमटविणे हे त्यातील नित्याचे प्रकार होत. बोथट झालेल्या कडा, स्क्रूच्या छिद्रांभोवतीचा खोलगटपणा आणि अंकांच्या वळणातील फरक ह्यांवरून असे कृत्य उघडकीस येते.

उलटपक्षी, क्रमांक न जुळणारे पुष्कळ नग निःसंशय अस्सल आहेत. १८९५ ते १९०३ ह्या काळात सैन्याने आपल्याकडील जुने नग स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात व कोल्टच्या कारखान्यात दुरुस्त करविले आणि त्यांच्या नळ्या ५.५ इंचांपर्यंत कापविल्या. त्या वेळी पुष्कळ नगांचे सुटे भाग एकमेकांत मिसळले. संग्राहक ह्यांना ‘आर्टिलरी’ प्रकार म्हणतात. त्यांपैकी काही फिलिपीन बेटांतील मोहिमांत पुन्हा वापरात आले, कारण तेथे सैन्याचे नवे .३८ मापाचे रिव्हॉल्व्हर अपुरे पडले. अशा नगाचे भाग आज जुळविले, तर त्याच्या लष्करी सेवेचा पुरावाच पुसला जाईल.

कंपनीच्या रवानगीच्या नोंदवह्यांचे प्रामाण्यही मर्यादित आहे. अमुक क्रमांकाचा नग अमुक दिवशी कारखान्यातून निघाला, एवढेच त्या सिद्ध करतात. समोरची वस्तू तीच आहे, हे सिद्ध करीत नाहीत. २५ जून १८७६ रोजी लिटल् बिगहॉर्न येथे कस्टरच्या सातव्या घोडदळाचा पाडाव झाला. एखादा क्रमांक त्या पलटणीला मिळालेल्या नगांच्या जवळपासचा आहे, एवढ्यावरून तो नग रणांगणावर होता असे मानणे तर्कदुष्ट होय. याउलट १९८४ पासून तेथे झालेल्या उत्खननात काडतुसांच्या रिकाम्या टोप्यांवरील आघातखुणांची तुलना करून पृथक् पृथक् हत्यारे ओळखण्यात आली. संभाव्यता आणि पुरावा ह्यांतील अंतर येथे दिसते.

तात्पर्य, वस्तूचा अस्सलपणा तिच्या मूळ रूपाशी असलेल्या साम्यावर ठरत नाही. तिच्यावरील प्रत्येक फेरफार केव्हा, कोणी व कशासाठी केला, ह्याच्या उलगड्यावर ठरतो. कागदातील खाडाखोड ज्या दृष्टीने तपासली जाते, तीच दृष्टी लोखंडावरील खाडाखोडीलाही लावली पाहिजे. विसंगती दिसताच साधन त्याज्य ठरविणारा अभ्यासक पुष्कळदा इतिहासच टाकून देत असतो.