जोडी, ट्रेबल आणि साखळी पैज : गुणाकाराच्या जुगाराचा इतिहास

बेलापूरच्या मंडळींपुढे जुगारावर बोलायचं म्हटलं की आधी थोडं हसू येतं, मग लोक इकडेतिकडे बघायला लागतात. आकडा माहीत नाही असं म्हणणारा माणूस आम्हाला या भागात अजून भेटायचा आहे. खेळलो मात्र कुणीच नाही! असो. आज विषय आहे तो साखळी पैजेचा. हल्ली मोबाइलवर तिला अॅक्युम्युलेटर म्हणतात. चार सामन्यांचे निकाल एकाच पैजेत बांधायचे. चारही बरोबर आले तर भावांचा गुणाकार होऊन पैसे मिळतात, एक जरी चुकला तरी सगळं गेलं.

हे काहीतरी नवीन आलंय असं तरुणांना वाटतं. आपल्याकडे ते साठ वर्षांहून जुनं आहे, आणि त्याचं नाव आहे 'जोडी'.

मुळात आकडा कापसाचा. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे दर टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूसबाजारात यायचे, आणि त्या आकड्यांवर पैजा लागायच्या. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ साली न्यूयॉर्कहून ते दर येणं थांबलं. आता खेळायचं कशावर? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला. कच्छहून आलेले, वरळीत किराणा दुकान चालवणारे गृहस्थ. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, रतन खत्री यांनी 'न्यू वरळी मटका' काढला. कापूस गेला, शब्द राहिले.

पद्धत साधी होती. आधी मातीच्या मटक्यातल्या चिठ्ठ्या, पुढे पत्ते. तीन आकडे काढायचे, समजा २, ५, ६. बेरीज १३, शेवटचा अंक ३. हा झाला ओपन. रात्री उशिरा पुन्हा तीन आकडे, समजा १, ३, ४. बेरीज ८, तो क्लोज. जोडी झाली ३८. एका आकड्याला रूढ भाव एकास नऊ, जोडीला एकास नव्वद.

आता इथे जरा थांबू या, कारण खरी गंमत इथेच आहे. आकडे दहा आणि भाव नऊ, म्हणजे रुपयामागे दहा पैसे घेणाऱ्याचे. ओपनवर रुपया लावला, तो लागला, आलेले नऊच्या नऊ क्लोजवर लावले आणि तेही लागले, तर हाती येतात एक्क्याऐंशी. तोच रुपया सरळ जोडीवर लावला असता तर नव्वद. जोड्या शंभर, भाव नव्वद; म्हणजे कापणी एकदाच, दहा टक्के. मटकेवाल्याने दोन पायऱ्यांच्या साखळीवर दोनदा कात्री चालवली नाही.

मोबाइलवरच्या साखळीत काय होतं? दोन्ही संघ तुल्यबळ आहेत असं धरा. रास्त भाव दोन. कंपनी देते १.९०. शंभर रुपयांवर पाच टक्के कापले, हे फारसं जाणवतसुद्धा नाही. पण चार सामने बांधले की रास्त हिशेबाने १६०० मिळायला हवेत, मिळतात १३०३. कापणी साडेअठरा टक्क्यांवर गेली. सहा सामने बांधले तर ६४०० च्या जागी ४७०५, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त गायब. भावांचा गुणाकार पडद्यावर ठळक दिसतो. कात्रीचाही गुणाकार होतो, तो मात्र कुठे लिहिलेला नसतो. बदनाम मटका गणितापुरता तरी या कंपन्यांपेक्षा सौम्य होता, असं आमचं मत आहे. त्याने घरं वाचली असं कुणी समजू नये.

कारण घरं बुडाली ती भावामुळे कमी आणि वाट बघण्यामुळे जास्त. ज्याचा ओपन लागला तो मध्यरात्रीपर्यंत झोपायचा नाही. अर्धी जोडी खिशात! क्लोज चुकला की 'हरलो' म्हणायचा नाही, 'एका घराने हुकली' म्हणायचा. ३८ ऐवजी ३९ आली म्हणून हळहळायचा. अहो, तिसाच्या घरातल्या दहा जोड्या तेव्हा सारख्याच शक्य होत्या, हुकण्यात जवळ-लांब असं काही नसतं. पण माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी लावायचा. चारातले तीन सामने जिंकून चौथ्यात गेलेला आजचा मुलगा हेच बोलतो, शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत.

मुंबईत मटक्याला आधार होता गिरणगावाचा, रोज थोडी नाणी लावू शकणाऱ्या पगारी माणसाचा. गावोगावी आकडा फोनवरून पोचायचा. जिथे मजुरीचा रोकडा पैसा, तिथे चिठ्ठी घेणारा असायचाच. आपल्याकडे हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, तिकडे प्रवरानगर, आणि गावापासून लांब श्रीरामपुरात असूनही बेलापूर नाव मिरवणारं आपलं ते स्टेशन. अशी गावं खेळाला सोयीचीच.

आता कायद्याकडे बघा. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. महालक्ष्मीचं रेसकोर्स त्याच्याही आधीचं, १८८३ चं. मैदानावर, परवान्याच्या अटी पाळून घोड्यांवर लावलेली पैज या कायद्यातून वगळलेली. त्यामुळे महालक्ष्मीला तीन शर्यतींचे विजेते एकत्र बांधले की ती 'ट्रेबल', पाच बांधले की 'जॅकपॉट', दोन्ही राजरोस. आणि चहाच्या टपरीमागे दोन अंक बांधले की पोलीस. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, त्याने ही रेघ आणखी पक्की झाली. घोड्याची वंशावळ अभ्यासता येते, मटक्यातल्या चिठ्ठीची येत नाही. युक्तिवादात दम आहे. पण जॅकपॉटचं तिकीट काढणारे सगळे वंशावळ वाचून येतात, हे आम्हाला पटायला जड जातं.

मोबाइलवरच्या कंपन्यांनी हाच कौशल्याचा दाखला पुढे केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात कौशल्य आणि नशीब असा भेदच ठेवला नाही. महालक्ष्मीच्या मैदानावरची ट्रेबल मात्र अजून चालू आहे.